तेरावं स्तोत्र

सलोमीबाईच्या डोळ्यांपुढे धुकं दाटायला लागलं, तेव्हा आधी तांदूळ निवडणं सुटलं, मग शिवण सुटलं आणि शेवटी बायबल सुटलं. पहिल्या दोन गोष्टींचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. भातात खडा आला तर नवरा मुकाट्यानं तो ताटाच्या कडेला ठेवायचा, आणि उसवलेलं शिवायला बाजारात शिंपी होता. तिसरी गोष्ट मात्र जिवाला लागली.

डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकला की काढू.

"आंबा आहे का तो?" सलोमीबाई घरी आल्यावर शांतवनला म्हणाली. "पिकेपर्यंत मी काय करू?"

शांतवन तिचा नवरा. मूळचा गोंदियाच्या लोको शेडचा, आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आतल्या रुळांवर इंजिनं चालवायला माणसं हवीत असं कळलं, तशी त्यानं रेल्वे सोडली. आता तो भट्टीतून निघालेलं वितळलेलं लोखंड वाहून नेणारी गाडी चालवत होता. सेक्टरमध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. मागे अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे तसंच दुसरं क्वार्टर. सगळीकडे लाल धूळ. धुतलेलं पांढरं धोतर दोरीवरून काढेपर्यंत विटकरी व्हायचं.

सलोमीबाईला प्रार्थना शिकवली होती तिच्या बापानं. भाऊराव मास्तर वर्ध्याकडच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर होते. सकाळी दोघी लेकींना घेऊन ते ओट्यावर बसायचे, बायबलातला एक लहानसा तुकडा वाचायचे आणि थांबायचे. "कुठं अडकलं सांगा," म्हणायचे. ज्या शब्दाशी मन अडकलं, तो शब्द घेऊन बसायचं. भाकरीचा घास चावत राहिला की गोड लागतो, तसा तो मनात घोळवायचा. मग डोळे मिटून त्याच शब्दाला धरून देवाशी आपल्या बोलीत बोलायचं. "वाचलं म्हणजे तो बोलला," मास्तर सांगत. "तो एक बोलून राहिला अन् तुम्ही आपलंच सुरू करता, हे दे अन् ते दे. असं कोणी माणसाशी तरी बोलते का?"

आता तो तुकडाच हाती नव्हता. पाठ होतं ते ती म्हणायची, पण पाठ असलेलं जिभेवरून घसरून जायचं, कुठं अडकायचं नाही. मग प्रार्थना म्हणजे किराण्याची यादी होऊन बसली. ह्यांना सांभाळ, भट्टीवरच्या साऱ्या पोट्ट्यांना सांभाळ, गुडघा बरा कर, डोळा लवकर पिकू दे, आमेन. उठताना तिला स्वतःचीच लाज वाटायची.

शांतवनला वाचता येत होतं, आणि बिचाऱ्यानं प्रयत्नही केला. पण त्याचं वाचन म्हणजे स्टेशनांची नावं पुकारणं. आमगाव, सालेकसा, डोंगरगड. मधे कुठं थांबा नाही, आणि अध्याय संपायच्या आधी त्याची मान छातीवर. सलोमीबाई पुस्तक हळूच काढून घ्यायची आणि त्याच्या अंगावर चादर टाकायची.

भिंतीपलीकडे चंपा राहायची. वय विशी-बाविशीचं, माहेर नागपूरच्या मिलच्या वस्तीतलं. तिचा नवरा लहानू कारखान्यात कोळसा भाजायच्या कोक ओव्हनवर होता. दोघांच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून घरातले सगळे देव गेले होते. आता भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे मेणबत्ती लागायची. नागपूरचा पेपर एक दिवस उशिरा यायचा. लहानू जेवत असताना चंपा त्याला तो मोठ्यानं वाचून दाखवायची. तिचा आवाज भिंतीवरून अलीकडे यायचा. वाटीत वाटी ठेवावी तसा एकेक शब्द ती नीट ठेवायची, आणि वाक्य संपलं की श्वासभर थांबायची. तो श्वासभर थांबा ऐकून सलोमीबाईच्या मनात आलं, हिला विचारावं.

"चंपा, माह्यासाठी थोडं वाचशील का?" एका दुपारी तिनं भिंतीशी जाऊन विचारलं.

"हाव काकू. पत्र आलं का?"

"बायबल."

चंपानं वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "ह्यांले विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी लहानू स्वतःच भिंतीशी आला. नुकताच ड्युटीवरून आला होता. "काकू, मी तिले म्हटलं, वाचाले काय लागते? आमच्या बाबासाहेबांनं तं दुनियेचे ग्रंथ वाचले. पण एक सांगतो, आमी देव-बिव सोडला. तिले त्याच्यात ओढू नका."

"ओढणारी मी कोण, बापू? मले दिसत नाही, म्हणून तिचे डोळे उसने मागून राहिली."

चंपानंही आपली अट सांगितली. "मी वाचीन. पण हात जोडणार नाही, डोळे मिटणार नाही."

"नको मिटू. दोघींनी मिटले तं चुलीवरचं दूध कोण पाहील?"

अशी सुरुवात झाली. हिवाळ्याचे दिवस होते. पुरुष कामावर गेले की दुपारी अंगणात चटई टाकून दोघी उन्हात बसायच्या. कुठून वाचू, असं चंपानं विचारलं तेव्हा सलोमीबाई म्हणाली, स्तोत्रसंहिता काढ, तेविसावं. चंपानं मान हलवली. "मधातून वाचलेलं मले समजत नाही, काकू. मी पहिल्यापासून वाचते."

पहिल्या स्तोत्रात पाण्याच्या पाटाशी लावलेलं झाड होतं, ज्याचं पान सुकत नाही. चंपा थांबली. सलोमीबाईनं ते झाड मनात घोळवलं. मग तिनं डोळे मिटले आणि समोर कोणी बसलं असावं तशी बोलू लागली.

"बापा, तू पाण्याकाठच्या झाडाचं सांगितलं. आमाले तं इथं उपटून आणून लावलं. माही मुळी अजून धरली नाही, तुले माहीत आहे. बाजूचं रोपटं पण तसंच, नागपूरहून आणलेलं. कवळं आहे. ह्या लाल मातीत पाणी कुठं आहे ते आमाले दाखव."

प्रार्थना संपल्यावर चंपा म्हणाली, "काकू, तुम्ही मले कावून घेतलं त्याच्यात?"

"तुहं नाव नाही घेतलं. रोपटं म्हटलं."

"तेच ते." पण ती रागावली नव्हती. जाता जाता म्हणाली, "मले वाटलं पाठ केलेलं काही म्हणाल. तुम्ही तं शेजारणीशी बोलल्यासारखं बोलता."

चौथ्या स्तोत्रात निवांत झोप होती, ती घेऊन सलोमीबाईनं रात्रपाळीवाल्यांसाठी मागणं केलं. आठव्यात आभाळ आणि चांदण्या होत्या. भट्टीच्या उजेडानं इथलं आभाळ रात्रीही तांबडं असतं, चांदण्या दिसत नाहीत, अशी तिनं देवाजवळ लाडात तक्रार केली. चंपाला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. यादी केव्हाच मागे पडली होती. वाचलेल्या ओळी सलोमीबाईला हाताला धरून कुठं कुठं नेत होत्या, आणि ती गुडघ्याचं मागायचंही विसरत होती.

फक्त एक होतं. सहावं स्तोत्र आलं तेव्हा पहिल्याच ओळीला तिनं हात हलवला. "हे राहू दे, पुढचं घे." दहाव्यालाही तसंच. चंपानं दोन्ही वेळा ऐकलं. तेरावं मात्र एवढंसंच होतं. काकूचा हात वर होईपर्यंत तिनं निम्मं वाचून टाकलं. हे प्रभू, कुठवर? मला कायमचा विसरून गेलास का? कुठवर माझ्यापासून तोंड लपवशील? कुठवर मी रोज मनात दुःख वागवत राहू?

"सोड म्हटलं ना," सलोमीबाई म्हणाली.

"कावून पण? हे तं सगळ्यात चांगलं आहे. असं देवाले बोलता येते?"

"लिहिलं आहे म्हणून का आपण बोलावं?"

"मंग लिहिलं कावून?"

सलोमीबाईनं चटई गोळा करायला घेतली. "माहं डोकं दुखून राहिलं. तू जा आता."

चंपा उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, आणि सलोमीबाईनंही हाक मारली नाही.

डोकं दुखत नव्हतं. गोष्ट जुनी होती, गोंदियाची. लग्नाला कित्येक वर्षं होऊन गेली तरी सलोमीबाईला मूल नव्हतं. तेव्हा ती बायबलातल्या हन्नाची गोष्ट धरून बसली होती. हन्नाही अशीच, मंदिरात नुसते ओठ हलवून रडत मूल मागणारी. तिच्या एकेका ओळीवर सलोमीबाईनं महिनोन् महिने प्रार्थना केली, पानाचा कोपरा मऊ पडला. मुलगा झाला. हन्नाच्या मुलाचंच नाव ठेवलं, शमुवेल, देवाजवळ मागून घेतलेला. तो भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. एका भादव्यात ताप आला आणि तो गेला.

मातीला माणसं जमली. पाद्रीसाहेब म्हणाले, देवाची मर्जी. शेजारणी म्हणाल्या, देवाची मर्जी. नागपूरहून धाकटी बहीण विजया आली, आपलं तान्हं कडेवर घेऊन, आणि तीही म्हणाली, "देवाची मर्जी, ताई." बाकीच्यांचं बोलणं सलोमीबाईच्या कानावरून गेलं. विजयाचं आत रुतलं. त्यानंतर लग्नाकार्यात भेट झाली तर तेवढंच बोलणं. आता विजयाच्या नवऱ्याची बदली दुर्गला झाली होती आणि ती बोरसीत राहत होती, सायकलवर जाता येईल इतक्या जवळ. सलोमीबाई एकदाही गेली नव्हती.

देवाशी तिनं अबोला धरला नाही. पण घरात मोठं भांडण होऊन गेल्यावर नवरा-बायको जसं जपून बोलतात, वाढू का, पाणी देऊ का, तसं तिचं देवाशी चाललं होतं. आभार मानायची, मागायची. हन्नाचं पान तिनं पुन्हा उघडलं नाही, आणि रडणारी स्तोत्रं उलटून पुढे जायची सवय लागली. स्वतःच्या डोळ्यांनी वाचत होती तोवर ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तीन-चार दिवसांनी चंपा आली. जवळच्या कुरुद गावाहून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायला यायची, तिच्याकडून बोरं घेतली होती. ती तिनं काकूच्या ओच्यात ओतली आणि समोर बसली.

"काकू, तुम्ही रागावल्या."

"नाही ग."

"रागावल्या. पण मले एक सांगाचं आहे. माह्या आजीचं पोरगं पटकीनं गेलं, पोरींच्या पाठीवर झालेलं एकच. तिले देवाले विचाराचं असतं, कावून असं केलं म्हणून, तं ती विचारणार कुठं? देवळाच्या पायरीवर चढू देत नव्हते. लोकं म्हणे, मागच्या जन्माचं पाप आहे तुहं. तिनं मरेपर्यंत ते खरं मानलं. आमी देव सोडला, त्याच्यात हेही एक आहे." चंपा थांबली, वाक्य संपल्यावर थांबायची तशी. "अन् तुमच्या पुस्तकात तो माणूस देवाच्या तोंडावर विचारून राहिला, कुठं लपून बसला म्हणून. देवाच्याच पुस्तकात छापलं आहे ते. तुमाले भांडाले घर आहे, काकू, अन् तुम्ही मले पान उलटाले सांगता."

सलोमीबाईनं एक बोर तोंडात टाकलं, चघळलं, बी हातात घेऊन बसली.

"माहं पण एक होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. काका एकदा ह्यांच्यापाशी बोलले होते."

"हे बोलले?" सलोमीबाईनं मान वर केली. चंपाचा चेहरा तिला नुसता सावळा ठिपका दिसत होता. शांतवननं त्या मुलाचं नाव गोंदिया सोडल्यापासून तिच्यापुढे उच्चारलं नव्हतं.

"एकदाच. कामावर."

 कारखान्याकडून दगड फुटल्यासारखा आवाज येत होता. मग सलोमीबाई म्हणाली, "आण ते. वाच."

चंपानं वाचलं, नेहमीपेक्षाही सावकाश. तिला दुसऱ्या ओळीपर्यंतही जावं लागलं नाही. पहिल्याच 'कुठवर'ला सलोमीबाईनं हात वर केला, आणि या वेळी तो पान उलटण्यासाठी नव्हता.

"बापा," ती म्हणाली. "कुठवर. मी तुले मागून घेतला होता तो. तुह्याच पुस्तकातले शब्द घेऊन मागितला होता. तू देला. मंग देला कावून? त्या दिवसापासून मी तुह्याशी चांगलं चांगलं बोलून राहिली. आभार मानून राहिली. मले तुहा राग येते. लय राग येते. त्याले दोन दात आले होते. इंजिनाची शिटी वाजली की तो हसे, अन् ते दिसत. तू पाहिले होते का ते दात?"

 चंपानं हात जोडले नाहीत. तिनं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं, सरकून जवळ आली आणि काकूची पाठ चोळत राहिली, पोटात कळ आलेल्या माणसाची चोळतात तशी.

"खाली अजून आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"वाच."

शेवटच्या ओळी होत्या, तरी मी तुझ्या दयेवर विसंबलो, माझं मन तुझ्यात हर्षेल, मी तुला गाईन. सलोमीबाईनं मान हलवली. "हे आज माह्याच्यानं होत नाही. खोटं बोलणं होईल."

"मंग?"

"उद्या पुन्हा हेच वाच."

पहिल्यापासून सरळ वाचत जाणारी चंपा मग बरेच दिवस त्या एकाच स्तोत्रावर थांबली. आणि कंटाळलीही नाही, कारण रोज काकू वेगळ्या ठिकाणी अडकायची. एके दिवशी चंपाच अडकली. "माझ्या डोळ्यांना उजेड दे," असं वाचून ती थांबली आणि म्हणाली, "काकू, हे तं तुमचंच आहे. मोतीबिंदूचं." सलोमीबाईला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. त्या दिवशीची प्रार्थना हसत हसतच झाली, आणि तिला वाटलं, तोही हसला असेल.

दुसऱ्या एका दिवशी 'वैरी' या शब्दाशी ती अडली. मी ढासळलो तर माझा वैरी म्हणेल, मी याला जिंकलं. वैरी कोण आपला? सलोमीबाई शोधू लागली. गोंदियात पाण्यावरून भांडणारी बाई आठवली, पण तिचं तोंडसुद्धा आता नीट आठवेना. शोधता शोधता समोर विजया आली, तान्हं कडेवर घेऊन. सलोमीबाई दचकली. ती कितीतरी वेळ तशीच बसली, इतकी की चंपानं हळूच विचारलं, झोपल्या का?

"बापा," सलोमीबाई म्हणाली, "माही वैरीण म्हणून मी माह्या बहिणीले उभी केली. राग तुहा होता. तुह्याशी भांडाची हिंमत नव्हती, तं तिच्यावर टाकला. ती लहान होती, समोर होती. आता तुले सांगून झालं, तं तिच्या वाट्याचं काही राहिलंच नाही. मले तिच्याकडे जाऊ दे."

शांतवनची सुट्टी आली त्या दिवशी तिनं त्याला म्हटलं, "मले बोरसीले घेऊन चला."

"कोणाकडे?"

"विजयाकडे."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि सायकलच्या चाकात हवा भरायला बाहेर गेला. कॅरिअरवर घडी करून घोंगडी बांधली. सेक्टरमधून जाताना लोक बघत होते, केस पिकलेला ड्रायव्हर आणि मागे बसलेली त्याची बायको. सलोमीबाईला दिसत नव्हतं म्हणून तिला लाजही वाटली नाही. तिनं त्याच्या सदऱ्याला घट्ट धरलं होतं.

विजया अंगणात बसून मुगाच्या वड्या घालत होती. हात पिठानं भरलेले. दारात कोण आलं ते पाहून ती तशीच उभी राहिली. सलोमीबाईला नुसता एक लुगड्याचा हिरवा रंग दिसला.

"विजू?"

"ताई," विजया म्हणाली, आणि मग, "तुह्या डोळ्याले काय झालं? मले कोणीच सांगितलं नाही."

"मी सांगू देलं नाही."

विजयानं तिला हात धरून आत नेलं. हाताचं पीठ सलोमीबाईच्या मनगटाला लागलं. शांतवन बाहेर विजयाच्या नवऱ्याशी बोलत बसला. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग सलोमीबाईनं कप खाली ठेवला.

"शमुवेल गेला तेव्हा तू म्हटलं होतं, देवाची मर्जी."

 बाहेर कोंबड्या वड्यांवर आल्या होत्या, त्या हाकलायलाही विजया उठली नाही. "मले माहीत होतं तेच आहे," ती शेवटी म्हणाली. "मले दुसरं काही सुचलं नाही, ताई. पाद्रीसाहेब म्हणाले तेच म्हटलं. माहं पोट्टं कडेवर होतं. मले त्याची लाज वाटून राहिली होती, की माहं जिवंत आहे. त्या दिवशी त्याले कुठं लपवता आलं असतं तं लपवून आली असती. गाडीत बसल्यावर ह्यांले म्हटलं, मी काहीतरी वाईट बोलली."

"मंग सांगाले कावून नाही आली?"

"तू दार लावलं होतं ना."

सलोमीबाईनं हे कधी अशा बाजूनं पाहिलं नव्हतं. "हाव," ती म्हणाली. "लावलं होतं." मग तिनं हात पुढे केला, विजयाचा चेहरा चाचपला. गालाची हाडं वर आली होती. बापासारखीच. "म्हातारी झाली ग तू."

"तुले दिसत नाही तरी म्हणते," विजया म्हणाली आणि रडू लागली. सलोमीबाईही रडली. मग तिनं विचारलं, तो कडेवरचा आता कुठं असतो, कसा आहे. विजयानं सांगितलं, रेल्वेत लागला, बिलासपूरला असतो, लग्नाचं पाहून राहिलो. सलोमीबाईनं त्याच्याबद्दल सगळं विचारून घेतलं, तो काय खातो, कुणासारखा दिसतो, चिडका आहे का. इतक्या वर्षांचं एकदम. निघताना विजयानं कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळून केळीच्या पानात बांधून दिल्या आणि येत्या रविवारी येते म्हणाली.

परतीच्या वाटेवर चढ लागला तिथं शांतवन उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. सलोमीबाई दुसऱ्या बाजूनं हँडल धरून चालत होती. ऊन उतरलं होतं. बाजूनं खडी भरलेले ट्रक जात होते.

"तुम्ही लहानूपाशी शमुवेलचं बोलले," ती म्हणाली.

"हाव."

"माह्यापाशी कावून नाही?"

"तू रडशील म्हणून."

"रडली असती तं काय झालं असतं?"

 बरंच चालून झाल्यावर शांतवन म्हणाला, "त्याले मातीत ठेवाची पेटी शेडमधल्या सुताराले मी करू देली नाही. मीच केली. बाहेरून तशीच ठेवली, पण आतून रंधा मारत बसलो. सारी सकाळ. त्याले काडीचा काटा टोचू नये म्हणून." त्यानं सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "तू आत होती. तुले सांगावं वाटलं होतं. मंग सगळे आले, अन् राहूनच गेलं."

सलोमीबाई उभी राहिली. तिनं सायकलवरचा हात काढून त्याच्या हातावर ठेवला. रंध्याचा, कोळशाचा, इंजिनाच्या तरफेचा तो जाड हात. "मले आता सांगितलं ना," ती म्हणाली.

तिथंच एका बाभळीला त्यानं सायकल टेकवली. तिला तेरावं आता तोंडपाठ झालं होतं. तिनं एकेक ओळ म्हटली, चंपासारखी थांबत थांबत, आणि तो तिच्या मागून म्हणत गेला. 'कुठवर' म्हणताना त्याचा आवाज फाटला. तिनं वाट पाहिली. मग पुढची ओळ. शेवटच्या ओळींपाशी आल्यावर ती म्हणाली, "हे मले अजून नीट येत नाही," आणि तो म्हणाला, "दोघं मिळून म्हणू, तं येईल." त्यांनी त्या म्हटल्या. आनंद झाला असं नाही, पण खोटंही वाटलं नाही. ट्रकची धूळ खाली बसेपर्यंत दोघं तिथंच उभी होती.

घरी पोचले तेव्हा चंपानं दोरीवरचे कपडे काढून, झटकून, घड्या करून भिंतीवर ठेवले होते. ती पलीकडे उभीच होती.

"काय म्हणाल्या मावशी?" तिनं विचारलं.

सलोमीबाईनं केळीच्या पानाची पुडी तिच्या हातात दिली. "आधी हे खा. लहानूलेही बोलाव. मंग सांगते, बस इथं."